बत्तीस औंसाचा डोंगर

“बत्तीस म्हणजे बत्तीस, पगारे. मी काय घरी लाटतो का पुठ्ठा?” झुंबरशेठ गादीवरून न उठताच म्हणाले.

मेन रोडवरच्या त्या कागदाच्या दुकानात उभ्या उभ्या पुंजाराम पगारेनं पुठ्ठ्याचा कोपरा अंगठा आणि दोन बोटांत धरला, किंचित वाकवला, सोडला, मग ताव कानाजवळ नेऊन टिचकी मारली. हा तपास चालू असताना दुकानात कुणी बोलायचं नाही, असा वीस वर्षांचा रिवाज होता. झुंबरशेठ इतर गिऱ्हाइकांना मालाला हात लावू देत नसत. पुंजारामाला मात्र ते आतून ताव काढून देत आणि बाकीच्यांकडे ‘बघा, आमच्याकडे कोण येतं’ अशा नजरेनं पाहत.

“मागचा पिवळा होता,” पुंजाराम शेवटी म्हणाला. “हा मातकट आहे.”

“ती गिरणी संपात अडकली. हा दुसऱ्या गिरणीचा. तुम्हाला करायचाय डोंगर. डोंगर मातकट असला तर वाईट काय?”

मागच्या खेपेचा एक अख्खा ताव पुंजारामानं सायकलच्या कॅरिअरला बांधून आणला होता. तो त्यानं डाव्या पंजावर घेतला, नवा उजव्या पंजावर, आणि डोळे मिटले. शेजारी वह्यांना कव्हरं घ्यायला आलेल्या एका बाईनं हे कसलं व्रत म्हणून पदर सावरला.

“सारखे आहेत,” तो म्हणाला. “बांधा चौदा.”

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतरची. पुंजाराम तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि त्र्यंबक रोडवरच्या एका धरणाच्या कचेरीत ट्रेसर होता. ट्रेसर म्हणजे इंजिनिअर लोकांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड अंथरायचं आणि त्याच रेषा शाईनं पुन्हा काढायच्या. बावीस वर्षं तो दुसऱ्याच्या रेषेवरून चालत आला होता आणि एकदाही घसरला नव्हता. स्वतःची म्हणून रेष त्यानं एकही काढली नव्हती. हे त्याला खुपत होतं का, ते तो कुणाला सांगत नसे. पण माणसाला कुठेतरी आपला म्हणून मान लागतो. पुंजारामानं तो बोटांत साठवला होता.

कागद हातात आला की तो वजन सांगायचा. साठ ग्रॅमचा टाइपाचा कागद, शंभरचा लेजर, एकशे साठचं कार्ड, दोनशे वीसचं, तीनशेचं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद तावाचं वजन जितके ग्रॅम तितक्याचा तो कागद, हा झाला नवा हिशेब. पुठ्ठा मात्र मेट्रिक येऊन पंधरा-वीस वर्षं लोटली तरी हट्टानं औंसांतच राहिला होता: एका तावाचं वजन चोवीस औंस, नाहीतर बत्तीस. कचेरीत पैज लागायची, आणि पुंजाराम हरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. घरी लग्नपत्रिका आली की तो आधी कागद चाचपायचा. “एकशे तीसचा आहे. मुलाकडचे बरे दिसतात,” म्हणायचा. त्याची बायको भिमाबाई म्हणायची, “लग्न कुणाचंय ते तरी वाचा. मागच्या खेपेला कागदाचं कौतुक करत बसलात आणि तारीख टळून गेली.”

तर अशा माणसाला उपअभियंता कुलथे साहेबांनी एक दिवस बोलावलं आणि सांगितलं, मॉडेल करायचं. पेठकडच्या डोंगरात धरण होणार होतं. त्याच्या पोटात खालचा पाडा आणि वरचा पाडा अशा दोन वस्त्या जाणार होत्या. तिथल्या लोकांना नकाशा दाखवला की ते नकाशाकडे न बघता साहेबाच्या तोंडाकडे बघत. म्हणून दोन्ही काठ, नदी, घरं, सगळं हाताला लागेल असं करायचं. बघून झालं की लोकांनी लिहून द्यायचं: नव्या गावठाणात जागा पाहिजे, किंवा नको.

“भारीतला कागद घे,” कुलथे साहेब म्हणाले. ते सढळ मनाचे होते, विशेषतः वस्तू लोकांना दाखवायची असली म्हणजे. “घरांना तीनशेचं कार्ड लाव. मोठे साहेब बघणार आहेत.”

“तीनशेचं घडीवर फुटतं, साहेब.”

“फुटतं म्हणजे?”

“घर नखाएवढं आहे. एवढ्याशा घडीला जाड कार्ड वळत नाही, तडकतं आणि आतलं पांढरं दिसतं. एकशे साठचं बरं. तेही कागदाच्या तंतूंचा कल बघून कापायचं. कलाच्या बाजूनं घडी निमूट बसते, आडवी घातली की हट्ट करते.”

“माणसासारखंच की,” कुलथे साहेब म्हणाले आणि सही केली.

दीड महिना पुंजाराम घरी फक्त झोपायला गेला. नकाशावरच्या उंचीच्या प्रत्येक रेषेसाठी पुठ्ठ्याचा एक थर. एक थर म्हणजे दोन मिलिमीटर, आणि दोन मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले पाच मीटर. कसर लागू नये म्हणून मोरचूद घातलेल्या खळीनं थरावर थर चिकटवायचे, वर वजन ठेवायचं, दोन दिवस वाळू द्यायचे, म्हणजे पुठ्ठा पापडासारखा वळत नाही. उजवा काठ झाला आणि मागचा पुठ्ठा संपला. डावा काठ झुंबरशेठच्या नव्या मातकट तावांचा झाला. वरून कागदाच्या लगद्याचा लेप दिला, रंग दिला, रंगवलेल्या लाकडाच्या भुशाची झाडी लावली. पाणी भरल्यावर कुठवर येईल ते दाखवायला निळा रेशमी दोरा. पाण्याची पातळी साडेआठ थरांवर होती, म्हणून सतरा मिलिमीटर उंचीचा लाकडी ठोकळा करून तो काठाकाठानं फिरवला आणि टेकेल तिथे दोरा टाचण्यांनी बसवला. उजव्या काठावर दोरा नकाशाशी तंतोतंत जुळला. एक काठ जुळल्यावर दुसरा पुन्हा मोजायचा, हे पुंजारामासारख्या माणसाला सांगायचं तरी कुणी?

गुरुवारी वरच्या पाड्याची माणसं आली. अकरा घरांतली तेरा-चौदा माणसं, पहाटेच्या एसटीनं. त्यांच्यात चिमणाबाई म्हणून साठीची बाई होती आणि तिचा दीर यादव, जो सगळ्यांच्या वतीनं बोलायचा आणि बोलताना प्रत्येक वाक्याला वहिनीकडे बघायचा. मॉडेल व्हरांड्यात टेबलावर मांडलं होतं. बराच वेळ कुणी जवळ गेलं नाही. मग चिमणाबाई गेली.

“ही नदी?”

“हो, मावशी. हा खालचा पाडा. हा तुमचा, डाव्या काठच्या डोंगराच्या सोंडेवरचा. हा निळा दोरा म्हणजे पाणी. दोऱ्याच्या खाली ते बुडीत, वर ते कोरडं.”

चिमणाबाईनं बोट दोऱ्यावरून न टेकवता फिरवलं, धरणापासून, खालच्या पाड्याच्या वरून, वळणावर, आणि आपल्या पाड्यापाशी थांबली. दोरा अकरा घरांच्या समोरून, खालच्या अंगानं गेला होता.

“आमची घरं तं वर हायेत.”

यादव वाकला. मग सगळेच वाकले.

“वहिनी, पाणी आंगणाच्या खाली ऱ्हातंय.”

“मी काय म्हन्ते मंग? आपुन कोरडं हाय.” ती पुंजारामाकडे वळली. “भाऊ, हे तुमी केलं?”

“हो.”

“हातानं?”

“हो.”

“लय ब्येस केलं,” ती म्हणाली आणि कनवटीची सुपारी काढून अर्धी त्याला दिली. “चार वर्सं झाली, रोज येगळा मानूस येतो नि येगळं सांगतो. आज डोळ्यानं दिसलं.”

यादवनं कुलथे साहेबांना सांगून टाकलं, आम्हाला नवी जागा नको, आम्ही आमच्या सोंडेवर बरे आहोत. कुलथे साहेब म्हणाले, “उत्तम. जेवून घ्या, तीन वाजता कारकून लिहून घेईल. अंगठा दिला की मोकळे.” माणसं कंपाउंडातल्या झाडाखाली भाकरी सोडायला गेली. कुणीतरी हसलंसुद्धा. त्या कचेरीच्या आवारात बाहेरून आलेलं माणूस सहसा हसत नसे.

पुंजारामानं सुपारी तोंडात टाकली आणि ती तिथेच राहिली. नकाशावरचा डावा काठ त्यानं स्वतः शाईनं काढला होता. डोळ्यांत नसलं तरी हातात होतं: पाण्याची ठळक रेघ काढताना त्याचा हात अकरा ठिपक्यांच्या वरून गेला होता, खालून नाही.

तो टेबलाशी गेला. डबा तसाच ठेवून कातरणांचं खोकं ओढलं. वरचा पाडा आठव्या थरावर होता, म्हणून जुन्या पुठ्ठ्याचे पोस्टकार्डाएवढे आठ तुकडे कापले, नव्याचे आठ. दोन चळती घेऊन टपालाच्या टेबलावर गेला आणि काट्यावर एकामागून एक ठेवल्या. काटा दोन्ही वेळा त्याच रेघेवर थांबला. बोटांनी थाप मारली नव्हती. मग त्यानं चळती शेजारी-शेजारी ठेवल्या, वरून दाबल्या आणि डोळा टेबलाच्या पातळीला आणला. पिवळी चळत सोळा मिलिमीटर भरली. मातकट अठरा.

वजन तेवढंच, पण नव्या गिरणीनं पुठ्ठा कमी दाबला होता. एका थराला केसभर फरक. आठ थरांत एक अख्खा थर फुकट चढला होता, आणि त्या फुकटच्या थरावर अकरा घरं कोरडी उभी होती. पट्टी लावली असती तर झुंबरशेठच्या दुकानातच कळलं असतं. पण पट्टी लावतात ज्यांना बोटं नसतात ते.

बरं, कुणाला कळणार होतं? वरून लेप होता. थर मोजायला डोंगर फोडावा लागला असता. मॉडेलवर पुंजारामाचं नाव होतं, सुंदर अक्षरात, त्यानंच काढलेलं. बुधवारी मोठे साहेब येणार होते. आणि झाडाखाली ती माणसं चार वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवत होती. हे सगळं त्यानं नीट तोललं. तोलण्यात तो कच्चा नव्हता. दुसऱ्या पारड्यात एवढंच होतं, की ह्या लोकांनी आज जागा नको म्हणून अंगठा दिला, तर पाणी यायचं तेव्हा येईल आणि त्यांना जायला जागा नसेल.

कुलथे साहेब पेपर वाचत होते. पुंजारामानं दोन्ही चळती त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. साहेब वाईट नव्हते, फक्त दुपारचे होते.

“नकाशा बरोबर आहे ना?”

“नकाशा बरोबर आहे.”

“मग झालं. कोर्टात नकाशा चालतो, तुझा पुठ्ठा चालत नाही.”

“त्यांना नकाशा वाचता येत नाही, साहेब. ते माझा पुठ्ठा वाचून अंगठा देणार.”

कुलथे साहेबांनी पेपरची घडी केली. “बाहेर जाऊन काय सांगणार? की पगारेला पुठ्ठा कळत नाही?”

“हो,” पुंजाराम म्हणाला. “तेच सांगावं लागेल.”

साहेबांनी दोन्ही चळती त्याच्याकडे सरकवल्या. “असं कर. दोरा वर घे. डोंगराला हात लावू नको. कुणाला काय समजतंय.”

पुंजारामानं तसं केलं. माणसं परत आली तेव्हा तो टाचण्या काढून दोरा घरांच्या मागून, चढावर बसवत होता.

“हे काय, भाऊ?” चिमणाबाई म्हणाली.

“मावशी, सकाळी चुकलं होतं. पाणी घरांच्या वर येतंय.”

मग यादव हसला, पण सकाळचं हसू ते नव्हतं.

“दोरा तुमच्या हातातला. मघा खाली व्हता, आता वर केला. सायबानं सांगितलं आसंल, ह्यांना हाकला. मंग जरा खाली करा ना. तुमच्या बाचं काय जातंय?”

पुंजारामाला राग आला नाही. बोलणं बरोबर होतं. दोऱ्याला काय, कुठेही बसतो. त्यानं टाचण्या पुन्हा काढल्या, दोरा गुंडाळून खिशात ठेवला आणि आतून पुठ्ठा कापायची रापी घेऊन आला. आधी दोन्ही चळती चिमणाबाईपुढे धरल्या.

“धरून बघा. दोन्हीकडे आठ-आठ तुकडे. वजन सारखं.”

चिमणाबाईनं एक ह्या हातात, एक त्या हातात घेतली. त्याच्यासारखे डोळे नाही मिटले, पण मान तशीच कलती झाली.

“सारखंच हाय.”

“आता उंची बघा.”

तिनं बघितलं. बोटाच्या पेरानं मोजलं. “अवंदाचा पेंढा नि गेल्या सालचा पेंढा,” ती सावकाश म्हणाली. “भारा तेवढाच, पर अवंदाचा ढीग उंच दिसतो. दबलेला नसतो ना.”

“तसंच. उजवा डोंगर मी दबल्या पुठ्ठ्याचा केला, तुमचा ह्या फुगलेल्या पुठ्ठ्याचा. तुमची सोंड पाच मीटर उंच झाली. चूक माझी. मी पट्टी लावायला पाहिजे होती, मी हातानं बघितलं.”

“म्हंजी खोटं केलंत,” यादव म्हणाला.

“चुकीचं केलं.”

“आमाला काय फरक?”

“खोटं केलं असतं तर आत्ता सांगितलं नसतं,” पुंजाराम म्हणाला. “तीन अजून वाजायचेत, अंगठा व्हायचाय.”

त्यानं रापीच्या टोकानं घरं एकेक करून सोडवायला घेतली. ठेवायला काही नव्हतं, व्हरांड्यात वारा होता, आणि एकशे साठ ग्रॅमच्या कार्डाचं नखाएवढं घर म्हणजे उडायला एक फुंकर पुरे. चिमणाबाईनं न विचारता पदराची झोळी पुढे केली. अकरा घरं तिच्या पदरात गेली. ती दोन्ही हातांनी पदर धरून उभी राहिली, दाणे आणायला गेलेली बाई उभी राहते तशी.

मग पुंजारामानं सोंडेच्या कुशीत रापी घातली. खळ मुरलेली होती, लवकर सोडत नव्हती. हिरवा लेप तडकला, भुशाची झाडी टेबलावर सांडली. सोंडेचा वरचा भाग टोपीसारखा उचलून त्यानं बाजूला ठेवला, आणि आतले मातकट थर उघडे पडल्यावर यादवला जवळ बोलावलं.

“मोजा.”

यादवनं बोट लावून मोजले. आठ. पुंजारामानं त्यातला एक थर सोलून काढला आणि टोपी परत बसवली. आता सोंड सोळा मिलिमीटरला जेमतेम टेकत होती, पाण्याच्या ठोकळ्यापेक्षा एक मिलिमीटर खाली. त्यानं लाकडी ठोकळा यादवच्या हातात दिला, वर पेन्सिल ठेवली.

“मी हात लावत नाही. खाली टेकवून धरा आणि कडेकडेनं न्या. जिथं पेन्सिल टेकेल तिथं पाणी.”

यादवनं ठोकळा धरला. उजव्या काठानं सुरुवात केली, धरणाला वळसा घातला, खालच्या पाड्याच्या वरून आला. सोंडेपाशी त्याचा हात मंद झाला. पेन्सिल घरांच्या रिकाम्या जागांच्या समोरून गेली नाही. ती मागे गेली, चढाला टेकली आणि तिथेच बारीक रेघ ओढत पुढे सरकली. यादवनं ठोकळा उचलून परत मागून आणला. रेघेवर रेघ पडली.

कुलथे साहेब दारात येऊन उभे होते. फोडलेल्या डोंगराकडे त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “पगारे, बुधवारपर्यंत.”

“होईल, साहेब.”

“किती येल पानी?” चिमणाबाईनं विचारलं. तिचे हात पदरात अडकलेले होते, म्हणून तिनं हनुवटीनं सोंड दाखवली.

“आठ फूट.”

“माझं आढं दहा फूट हाय.”

“मग आढं दोन फूट वर राहील.”

“मंग लिव्हा,” ती यादवला म्हणाली. “जागा पायजे म्हनून लिव्हा. सगळ्यांचं लिव्हा.”

कारकुनानं तीन वाजता लिहून घेतलं. अकरा अंगठे उमटायला अर्धा तास लागला. चिमणाबाईचा अंगठा घ्यायला कारकून शाईचा पॅड घेऊन व्हरांड्यात आला, कारण ती पदर सोडायला तयार नव्हती. एका हातानं तिनं अंगठा दिला, दुसऱ्या हातानं घरं धरली, आणि शाईचा अंगठा पदराला लागणार नाही असा लांब ठेवला.

चार वाजता पुंजारामानं खळीची वाटी घेतली. निळा दोरा त्यानं यादवच्या रेघेवर, मागे, बसवला होता. आता घरं. जागा त्याला नकाशावरून ठाऊक होत्या, पण त्यानं विचारलं. चिमणाबाई एकेक घर पदरातून काढून त्याच्या तळहातावर ठेवत गेली. हे सहादूचं, मोहाच्या झाडापाशी. हे अक्काबाईचं, गोठा आडवा हाय त्याचा. हे यादवचं, ह्याला दोन सोपे पायजेत पर असू दे. घर घ्यायचं, खाली खळीचा ठिपका, दोऱ्याच्या आत ठेवायचं. सगळ्यांत शेवटी एक राहिलं.

“हे माझं.”

त्यानं ते जागेवर ठेवलं.

“आसं नाय,” ती म्हणाली. “सगळी दारं तुमी बघनाऱ्याकडं केलीत. सायबांना दिसावी म्हनून. दुसऱ्यांचं आसू द्या. माझं दार उगवतीला हाय.”

“उगवत कुठली?”

तिनं शाईचं बोट दाखवलं. पुंजारामानं घर उचललं, फिरवलं, दार तिनं दाखवलेल्या बाजूला, उगवतीच्या डोंगराकडे केलं आणि पुन्हा ठेवलं. खळ ओली होती. घर सरकू नये म्हणून त्यानं छपरावर एक बोट हलकेच टेकवलं आणि ती पाय मोडून जमिनीवर बसली तरी तो तसाच, वाकून, खळ धरेपर्यंत उभा राहिला.